दसरा काढलेलं घर

सोलापूरहून परत आले त्या संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसलेल्या तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "चादरी आणल्या का?" आणल्या होत्या. शेंगांची चटणीही आणली होती, आणि दाढेवरची एक टोपी तिकडेच सोडून आले होते, ते पुढे येईलच. चौथ्या बाई जरा विचारी आहेत. त्या म्हणाल्या, "पण मी काय म्हणते, नदीच्या काठाला घरं बांधायचीच कशाला? आणि पाणी शिरलं की आपल्या टॅक्समधून भरपाई!" मी गप्प राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर त्या बाकावर पुन्हा बसायची सोय राहिली नसती. हे लिहिते आहे ते त्या चौथ्या बाईंसाठी. खरं सांगायचं तर गेल्या वर्षी मीही हेच वाक्य बोलले असते.

मी सरकारी नोकरीत होते. पुण्यातल्या एका कार्यालयात टंकलेखक म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिले याची गणती नाही. माझ्या सासूबाईंना शेवटची चार वर्षं सांभाळलं ते आमच्या घरी कामाला असलेल्या सुनंदानं. सुनंदाचं माहेर सोलापूरच्या दक्षिणेला, सीना नदीच्या काठी. नवरात्राच्या तोंडावर सीनेला पूर आला आणि तिच्या आईच्या घरात पाणी शिरलं. पुढे मदतीची यादी लागली, त्यात आईचं नाव नव्हतं. सुनंदाचा फोन आला. "ताई, तुमी हापिसातल्या हाय. आईचा अर्ज करायचाय. पर फोनवर सांगून व्हायचं न्हाय. तुमी जाताव का?"

जाते म्हटलं. मनात सोलापूर बघून होईल हाही विचार होता, तो लपवत नाही. त्या गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. तिथल्या एका माणसाची नोकरी अजून बरीच शिल्लक आहे.

एमआयडीसी

सुनंदाचा भाऊ बिरू अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतो. त्याची पाळी सुटायची होती म्हणून मी स्टेशनवरून रिक्षा करून थेट तिकडेच गेले. रिक्षावाल्याला मी कशासाठी आले ते सांगितलं, तर तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "पूर का पैसा? वो तो नसीबवालों को मिलता, अम्मा." मी त्याला सांगितलं की नशिबाचा काही संबंध नसतो, नियम असतात. तो हसला. त्याचं हसणं मला तेव्हा आगाऊपणाचं वाटलं होतं.

एमआयडीसीत सगळीकडे मागांचा खडखडाट. आमच्याकडे एवढा आवाज गणपतीत झाला तरी पोलिसांना फोन जातात. इथे त्या आवाजात बायका फाटकाशी उभ्या राहून तेलुगूत गप्पा मारत होत्या आणि एकमेकींना नीट ऐकू येत होतं. बिरू सायकलींच्या गर्दीतून मोटारसायकल काढत आला. तिशी-पस्तिशीचा, अंगानं बारीक, केसांवर सुताचा पांढरा भुगा. माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "गाडीवर बसताव न्हवं ताई? रस्ता पुरानं खाल्लाय, जरा आदळंल."

जरा! गाव येईपर्यंत माझ्या कमरेचे सगळे मणके मला वेगवेगळे ओळखू येऊ लागले. रस्त्याच्या एका बाजूला ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली, हिरवीगार. दुसऱ्या बाजूला नदीकडच्या रानात नुसते गोटे. बिरू गाडी न थांबवता ओरडून सांगत होता, "हितं माती व्हती, ताई. पुरुसभर माती. सगळी भीमेत गेली."

वस्ती

वस्ती म्हणजे नदीच्या उतारावर दहा-बारा घरं. धनगरांची. बहुतेकांकडे थोडी मेंढरं, थोड्या शेळ्या. हौसाबाई, म्हणजे सुनंदाची आई, दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या आसपास, ताठ, हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत गोंदण. बिरूची बायको मंगल मागे पाण्याचा तांब्या घेऊन.

घरात पाऊल टाकलं आणि मी मनात म्हटलं, इथे पूर आला होता? भिंतींना पांढरा चुना. खालची जमीन सारवलेली, इतकी गुळगुळीत की चपला बाहेर काढल्या तरी पाय ठेवायला संकोच वाटावा. डबे उतरत्या क्रमानं मांडलेले. माझ्या स्वयंपाकघरातही एवढा टापटीपपणा नाही, आणि माझ्याकडे भांड्याला आणि फरशीला दोन वेगळ्या बाया येतात.

"बसा बाई," हौसाबाई म्हणाल्या. "आदी खावा. अर्ज कुटं पळून जात न्हाय."

जेवायला कडक भाकरी. ही सोलापूरकडची चीज आहे, ज्वारीची, पापडासारखी पातळ आणि वाळवून कडकडीत केलेली, महिनाभर टिकते. पुरात वस्तीला शाळेत हलवलं तेव्हा हिनंच तारलं, असं मंगल सांगत होती. मी शहाणपणानं ती आमटीत न बुडवता तशीच चावली आणि कडकन आवाज झाला. मला वाटलं भाकरीचा. दाढेवरची टोपी ताटात पडली तेव्हा कळलं. हौसाबाई घाबरल्या, मग मी हसते आहे म्हटल्यावर त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. "आमच्या भाकरीनं शेरातला दात काडला की वो!" त्यानंतर तिथे असेपर्यंत मला भाकरी चुरून मिळाली.

मग मी कागद मागितले. बिरूनं प्लास्टिकच्या पिशवीतून पंचनाम्याची प्रत काढली. मी ती वाचली, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. त्यात लिहिलं होतं: 'समक्ष पाहणी केली असता घर सुस्थितीत व नुकतीच रंगरंगोटी केलेले आढळून आले. सबब नुकसान निरंक.' निरंक म्हणजे शून्य.

"पाणी किती आलं होतं?" मी विचारलं.

हौसाबाईंनी हात आपल्या छातीवर ठेवला. "हितपर. दोन दिस व्हतं. मागली भित पडली. धान्य गेलं, वाकळा गेल्या, पाच शेरडं दावणीला बांदली व्हती, ती तशीच..." मंगलनं पुढे सांगितलं की दावं सोडायला वेळच मिळाला नाही.

"मग हे रंगरंगोटी काय?"

"म्हंजी?" हौसाबाईंना माझा प्रश्नच कळेना. "पाणी उतारलं, आनि तीन दिसावर घट. दसरा काडाय नगं?"

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवं. इकडे नवरात्राआधी घर झाडून, भिंती सारवून, चुना देऊन, घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची, याला दसरा काढणं म्हणतात. घरात सुतक असलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर हे चुकत नाही. घाणीत घट बसवायचा म्हणजे देवीचा अपमान. पाणी उतरल्यावर घरात ढोपरभर काळा चिखल होता. बिरूनं आणि शेजाऱ्यांनी पडलेली भिंत दगड-मातीत पुन्हा रचली. सासू-सुनेनं तीन दिवसांत चिखल उपसला, भिंती खरवडून धुतल्या, शेणामातीनं लिंपल्या, कुणाकडून तरी चुना मागून आणून दिला, आणि वेळेवर घट बसवला.

चौथ्या माळेला सरकारी पथक आलं. त्यांनी दारातून आत बघितलं. पांढऱ्या भिंती, सारवलेली जमीन, कोपऱ्यात घट, त्यावर फुलांची माळ. त्यांनी लिहिलं, नुकसान निरंक.

"त्येस्नी च्या पाजला मी," हौसाबाई म्हणाल्या. "साकर बी शेजारनं आनली."

माझं डोकं तेव्हा तापलं ते अजून उतरलेलं नाही. त्या पथकातली माणसं मराठीच होती ना? त्यांच्या आया घरी दसरा काढत नाहीत? नवरात्राच्या चौथ्या दिवशी घर स्वच्छ का आहे, हे ज्याला कळत नाही तो कुठल्या मुलखातून आला होता? पण फॉर्मवर रकाना होता 'भिंतीवरील पाण्याची खूण', आणि खूण नव्हती. खूण नाही म्हणजे पाणी नाही. वस्तीतल्या आणखी दोन घरांचं असंच झालं होतं, ती दोघं कंटाळून गप्प बसली होती. ज्यांनी आळस केला, किंवा ज्यांच्या घरी सुतक होतं, ती घरं यादीत होती.

संध्याकाळी बिरूनं मला वस्तीच्या वरच्या अंगाला नेलं. तिथे सोलापूरच्या एका बड्या माणसाचं फार्महाऊस आहे, नदीला अगदी खेटून. पक्कं कुंपण, आत पोहण्याचा तलाव. गुलाबी भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर तपकिरी पट्टा, फूटपट्टीनं ओढल्यासारखा सरळ. दाराला कुलूप. मालक पुरानंतर एकदा येऊन गेला म्हणे. हे घर यादीत होतं, 'राहते घर' म्हणून, कारण विजेचं बिल येतं.

"येनी चिखल काडलाच न्हाय," बिरू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्याच आवाजात तो होता, आणि मी त्या कुलूप लावलेल्या फाटकासमोर उभी राहून एकटीच बोलत होते असं बिरूनं नंतर मंगलला सांगितलं.

वेळ अमावस्या

अर्ज घेऊन दुसऱ्याच दिवशी निघायचा माझा बेत होता. पण दुसरा दिवस मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येचा. त्या दिवशी इकडे कार्यालयाबाहेर कुत्रंही भेटत नाही, सगळा मुलूख रानात जेवायला जातो. आमच्या पुण्यात हा सण नाही, आणि आमच्याकडे तो का नाही याचं मला आता वाईट वाटतं.

रानात कडब्याची खोप उभी केली होती. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले होते, त्यांना पांडव म्हणतात. त्यांची पूजा करून मग जेवण. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. हरभऱ्याचा पाला, वाटाणा, तूर, भुईमूग, गाजर, जे जे रानात असेल ते सगळं बेसनात शिजवलेलं, दाट. बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, आणि मातीच्या मडक्यातली ज्वारी-ताकाची गार आंबील. माझी टोपी पडलेल्या दाढेची बाजू या जेवणावर खूश होती. बांधावरून जाणारा कुणीही हाकेनं बोलावला जात होता. एक कानडी म्हातारं जोडपं आलं, हौसाबाई त्यांच्याशी सरळ कानडीत बोलायला लागल्या आणि माझ्याशी बोलताना परत मराठीत आल्या.

बिरूच्या हिश्शाच्या रानापैकी निम्मं खरवडून गेलेलं. उरलेल्या निम्म्यात त्यानं ज्वारी पेरली होती आणि ही खोप तिथेच होती. मी हौसाबाईंना तो प्रश्न विचारला. चौथ्या बाईंचा. "तुम्ही इतकी वर्षं नदीच्या तोंडाशी राहता. वर कुठे घर बांधावं असं नाही वाटलं?"

त्यांनी आंबिलीचा गडवा खाली ठेवला. "बाई, आमची वस्ती वरच व्हती. पार तिकडं, माळाला." हातानं दाखवलं. "मी लग्न हून आले त्याच्या आदल्या साली सरकारनं तलावाला ती जागा घेतली. मामंजींस्नी सायेब म्हनला, तुमची मेंढरं हायती, तुमास्नी पान्याजवळची जागा देतो. खुंट्या ठोकून दिल्या. हितं तुमी, हितं तुमी. मामंजी लई खूश झालं. म्हनायचं, सायबानं पान्याजवळ बसवलं."

"कागद?"

"कागद कसला? सायेब सोता आला व्हता की."

खुंट्या ठोकणारे ते साहेब कुठल्या खात्याचे, नाव काय, काही माहीत नाही. त्यांनी ती जागा कुठेतरी नोंदवली असेल किंवा नसेलही. पुढे कधीतरी पूररेषा आली, नकाशावर निळ्या शाईत. आता वस्ती त्या रेषेच्या आत आहे आणि जमीन सरकारी आहे, म्हणून ते अतिक्रमण. हौसाबाई शांतपणे सांगत होत्या आणि मी उंडा हातात धरून बसले होते. त्यांना अतिक्रमण ठरवणारं पत्र माझ्यासारख्याच कुणीतरी टंकलं असणार.

कार्यालय

दुसऱ्या दिवशी मी, हौसाबाई आणि बिरू तालुक्याला गेलो. अर्ज मी लिहिला होता, आयुष्यभराची कमाई ओतून. आमच्या समोरचा अधिकारी पंचविशी-तिशीतला, डोळ्यांखाली काळं, टेबलावर फायलींचा ढीग. वस्तीवरचे लोक त्याला भाऊसाहेब म्हणत होते. पहिल्या पथकात तो नव्हता. त्यानं अर्ज पूर्ण वाचला, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवते.

"मॅडम, अर्ज चांगला आहे," तो म्हणाला. "पण पुरावा काय? फोटो?"

"पाणी छातीपर्यंत आलं की माणूस शेरडं वाचवतो का फोटो काढतो?"

"मग खूण?"

"ती त्यांनी धुतली. दसरा होता."

त्यानं अर्ज बाजूला ठेवला. मग हौसाबाईंकडे वळून अगदी मायेनं म्हणाला, "आजी, पुढच्या वेळेला आम्ही येईपर्यंत घर झाडायचं नाही. काहीच हलवायचं नाही."

"मग घट कुटं बसवू, भाऊसायेब? चिकलात?"

तो माझ्याकडे वळला. त्यानं विचारलं, "आणि मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. पूररेषेच्या आत घर असल्यावर शासनानं दर वेळी किती करायचं? धोका पत्करून राहायचं आणि..."

इथे माझा संयम सुटला. मी उभी राहिले. मी त्याला सांगितलं की पुण्यात मी राहते ती सोसायटी ओढ्याच्या पात्रात आहे. बिल्डरनं ओढा वळवला आणि आम्ही फ्लॅट घेतले. एका पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरलं, गाड्या तरंगल्या. दुसऱ्या दिवशी नगरसेवक आले, आठवड्यात पंचनामे झाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात ओढ्याला सरकारी खर्चानं काँक्रीटची भिंत बांधली. आमच्यापैकी एकालाही कुणी विचारलं नाही की तुम्ही इथे राहताच कशाला. उलट उशीर का झाला म्हणून आम्हीच मोर्चा नेला होता, आणि त्यात मी पुढे होते! "आम्हाला ओढ्यात कुणी खुंट्या ठोकून बसवलं नव्हतं," मी म्हटलं. "आम्ही ब्रोशर बघून गेलो. यांना सरकारनं आणून बसवलंय."

सगळं कार्यालय माझ्याकडे बघत होतं. बिरू माझी बाही ओढत होता. भाऊसाहेबानं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"बसा, मॅडम. मी उद्या येतो. चुना खरवडून ठेवा. खाली कुठे खूण दिसली तर फेरपंचनामा करतो. माझ्या हातात एवढंच आहे."

भिंत

सकाळी खरवडायला सुरुवात केली. हौसाबाईंनी उलथनं घेतलं, मंगलनं विळा, मी एक जुना चमचा. चुन्याचे पापुद्रे गळत होते, खालचं लिंपण ओलसर, सुंदर, एकसारखं. खूण नव्हती. एका भिंतीवर नाही, दुसरीवर नाही. तिसरी तर नवीच रचलेली.

"लई घासलं की वो मी," हौसाबाई म्हणाल्या. इतका वेळ ताठ असलेली ती बाई त्या भिंतीसमोर खाली बसली. आपण केलेलं काम इतकं चांगलं का केलं, म्हणून कुणाला पस्तावताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि मला रडूच आलं.

तेवढ्यात मंगल सासूला हळूच म्हणाली, "आत्या, कपाटामागं..."

"गप गं!" हौसाबाई एकदम कडाडल्या.

मला काही कळेना. कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं, बिरूच्या लग्नातलं. मी मंगलकडे बघितलं. ती मान खाली घालून पुटपुटली, "पुरात त्येचं पाय गाळात रुतलं. आमा दोगींस्नी हललंच न्हाय. मागं तसंच ऱ्हायलंय."

"परक्या मानसाम्होरं!" हौसाबाईंचा चेहरा लाल झाला होता. "बाई, तितं लई घान हाय. घट बसला तवा तेवडाच कोपरा ऱ्हायला. मी देवीची माफी मागितली व्हती."

आदल्या दिवशी साहेबांपुढे या बाई जराही कचरल्या नव्हत्या. दारिद्र्याची त्यांना लाज नव्हती. न झाडलेल्या कोपऱ्याची मात्र होती. मी त्यांचे हात धरून सांगितलं, "हौसाबाई, ती घाणच आपल्याला पाहिजे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू दाढेच्या टोपीबरोबर माझं आणखीही काही पडलं असावं. पण नको म्हणाल्या नाहीत.

बिरूनं आणि शेजारच्या दोघांनी पहारीनं कपाट हलवलं. आणि ती दिसली. माझ्या खांद्याच्या जरा खाली, एक तपकिरी रेघ. तिच्याखाली वाळलेला गाळ, त्यात ज्वारीची फोलपटं, काडीकचरा, आणि एका शेरडाच्या गळ्यातल्या दाव्याचा तुकडा अडकलेला. मंगलनं तो काढून कनवटीला लावला.

भाऊसाहेब दुपारी आला. टेप लावली, फोटो काढले, लिहून घेतलं. 'पाण्याची खूण आढळली.' तो खरोखर खूश झाला होता आणि मी त्याला चहा दिला. यादीत नाव जाणार होतं. पुन्हा भिंत नीट उभी करता येणार होती, दावणीला शेरडं येणार होती. बिरू मंगलकडे बघून हसला, ते मी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बघितलं.

मग भाऊसाहेबानं बॅगेतून आणखी एक छापील कागद काढला. "एक हमीपत्र आहे. शासकीय जागेतली पूररेषेतली घरं आहेत ना, त्यांच्यासाठी. औपचारिकता आहे."

मी ते हातात घेतलं. औपचारिकता या शब्दाची मला चांगली ओळख आहे. मी मोठ्यानं वाचलं. 'मी सदर पूरप्रवण जागेत स्वेच्छेने व स्वतःच्या जबाबदारीवर राहत असून, यापुढे उद्भवणाऱ्या कोणत्याही आपत्तीत शासनाकडे मदत मागणार नाही.'

"फार्महाऊसच्या मालकानं दिलंय हे?" मी विचारलं.

"त्यांची जागा मालकीची आहे, मॅडम."

"स्वेच्छेनं म्हंजी?" हौसाबाईंनी विचारलं.

"आपल्या मर्जीनं," मी म्हटलं.

"मर्जीनं." त्यांनी माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "कुनाच्या?"

"तुमच्या. तुम्ही तुमच्या मर्जीनं इथं राहता, असं."

"मामंजींस्नी सायबानं हितं बसवलं. त्यात माजी मर्जी कुटं आली? भाऊसायेब, ह्यो एक शबुद खोडा. बाकीचं मला कबूल हाय."

"खोडता येत नाही, आजी. छापील आहे. खाडाखोड झाली तर वर नामंजूर होतं."

बाकीचं कबूल! यापुढे कधी मदत मागणार नाही, हे त्यांना कबूल होतं. तो एक शब्द कबूल नव्हता. मी कागद फाडायला निघाले होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. "देऊ नका सही," मी म्हटलं. "आपण वर जाऊ. कलेक्टरकडे जाऊ. असला कागद घेणं नियमात बसतं का ते मी बघते."

बिरू मध्ये पडला. मोठ्यानं बोलला नाही. "ताई, तुमी पुण्याला जाताव. पावसाळा हितंच येतोय." आणि मग आईकडे वळून, "आये, कर सही. तुला सही येती की. भितीला पैसं लागत्याल."

मी कागद खाली ठेवला. बिरूचं बरोबर होतं. माझ्या रागाला माझ्या सोसायटीची काँक्रीटची भिंत होती, त्याच्या रागाला नव्हती.

भाऊसाहेबानं खिशातलं पेन काढून हौसाबाईंच्या पुढे धरलं. मंगलनं मला हळूच सांगितलं की साक्षरता वर्गात नाव लिहायला शिकल्यापासून आत्या कुठेही अंगठा देत नाहीत. रेशनला नाही, बँकेत नाही, मतदानालासुद्धा सहीच करतात. सगळं नाव लिहितात, वेलांटी न चुकता.

हौसाबाईंनी त्या पेनाकडे बघितलं आणि हातानं ते बाजूला केलं.

"शाई हाय का, भाऊसायेब?"

"शाई? आजी, तुम्हाला सही येते म्हणतात ना?"

"येती की," त्या म्हणाल्या. "खऱ्याला सही करते मी. ह्येला अंगठा घ्या."